पॉवर : शब्द एक, मापे अनेक

सोलापुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर ‘पॉवर’ हा शब्द दिवसातून किती वेळा पडत असेल? पूर्व भागात पॉवरलूमची खटखट चालू असते. दक्षिण सोलापूर तालुक्यात एन.टी.पी.सी.चे पॉवर स्टेशन आहे. शेतकरी दुकानात जाऊन किती पॉवरची मोटार घ्यावी हे विचारतो. चष्म्याच्या दुकानात पॉवर बदलली का, असे विचारतात. कॉलेजमधल्या मुलाच्या खिशात पॉवर बँक असते. गणिताच्या तासाला इंग्रजी माध्यमातली मुले ‘टू टू द पॉवर थ्री’ म्हणतात. आणि निवडणुका आल्या की कट्ट्यावर चर्चा होते ती कोणाची पॉवर किती याची.

या सगळ्या वाक्यांत शब्द एकच आहे. पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ तोच आहे का? आणि तसा नसेल, तर कोणत्या ठिकाणी कोणता अर्थ आहे हे ओळखायचे कसे? हा प्रश्न फक्त भाषेच्या शिक्षकांचा नाही. विज्ञानाच्या तासाला मुले बल, ऊर्जा आणि शक्ती यांची जी गल्लत करतात, तिचे मूळ बरेचदा इथेच असते. म्हणून या एका शब्दाचा माग काढून पाहू.

मुळात अर्थ ‘शकणे’

इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ आहे ‘करता येणे, शकणे’. इंग्रजीतला ‘पॉसिबल’, म्हणजे ‘शक्य’, हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. म्हणजे ‘पॉवर’ आणि ‘पॉसिबल’ ही चुलत भावंडे झाली.

आता आपल्याकडे पाहा. ‘शक्ती’ हा शब्द संस्कृतातल्या ‘शक्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थही ‘शकणे’ असाच आहे. ‘शक्य’ त्याच धातूपासून आला, आणि आपण रोज वापरतो ते ‘शकणे’ हे क्रियापदही त्याचेच. ‘मी हे ओझे उचलू शकतो’ असे मूल म्हणते तेव्हा त्या वाक्यात शक्ती आलेलीच असते. दोन दूरच्या भाषांनी एकाच वाटेने हा शब्द घडवला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

एकदा मूळ अर्थ ‘काही करता येणे’ असा धरला की बाकीचे अर्थ सहज उलगडतात. यंत्राला काम करता येते, ती पॉवर. भिंगाला प्रकाश वळवता येतो, ती पॉवर. अधिकाऱ्याला हुकूम देता येतो, तीही पॉवर. बोलीभाषेला एवढे पुरते. विज्ञानाला मात्र ते पुरत नाही. ‘करता येते’ म्हटले की विज्ञान पुढचा प्रश्न विचारते : किती? आणि ‘किती’ सांगायचे तर माप लागते. माप आले की शब्दाभोवती कुंपण घालावे लागते. प्रत्येक शास्त्राने आपापल्या सोयीने हे कुंपण घातले, त्यामुळे एकाच शब्दाची अनेक मापे झाली.

पॉवरलूममधली पॉवर

सोलापूरची ओळख चादरीने आणि टॉवेलने झाली आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली. तिलाच पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. गिरण्यांच्या बरोबरीने शहरात हातमागही होते. ते चालवणाऱ्यांत तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने होती. पुढे हातमागांच्या जागी घरोघरी आणि लहान कारखान्यांत यंत्रमाग आले. यंत्रमाग म्हणजेच पॉवरलूम.

हातमागावर विणकर पायाने पट्टी दाबतो, त्यामुळे ताण्याचे धागे वर-खाली होतात. मधून धोटा फेकला की बाण्याचा धागा आडवा जातो. मग फणी ठोकून तो धागा घट्ट बसवायचा. हीच तीन कामे यंत्रमागही करतो. फरक एवढाच की पाय आणि हात यांच्या जागी मोटार येते. इंग्लंडमध्ये एडमंड कार्टराइट याने १७८५ साली अशा मागाचे पेटंट घेतले, तेव्हा विजेची मोटार नव्हती. ‘पॉवर’ म्हणजे माणसाच्या हाताखेरीज दुसरे काहीही : जनावर, वाहते पाणी किंवा वाफ. पॉवरलूममधल्या ‘पॉवर’चा अर्थ एवढाच आहे : हाताने न चालणारा माग. मराठीने तो ‘यंत्रमाग’ असा केला. ‘शक्तिमाग’ केला नाही, हे चांगलेच झाले.

मोटारीने हाताची जागा का घेतली, हे आकड्यांत पाहू. तासन् तास काम करणारा धडधाकट माणूस स्नायूंच्या जोरावर सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्तीने काम करू शकतो. एक अश्वशक्तीची मोटार ७४६ वॅटने काम करते. म्हणजे एक लहानशी मोटार सुमारे दहा माणसांच्या हातापायांइतके काम करते, आणि थकत नाही.

हिशेब थोडा पुढे नेऊ. माणसाने ७५ वॅटच्या गतीने आठ तास काम केले तर एकूण काम होते ६०० वॅट-तास. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे दिवसभर घाम गाळून माणसाचे हात-पाय जेवढे काम करतात, ते फक्त ०.६ युनिट भरते! बाजारात तेवढी वीज काही रुपयांत मिळते. हातमाग विणकर यंत्रापुढे का टिकू शकला नाही, याची इतरही कारणे आहेत. पण नुसत्या ताकदीच्या बाजारात माणूस यंत्राशी स्पर्धा करूच शकत नाही, हे या एका आकड्यावरून दिसते.

याची दुसरी बाजूही मुलांपुढे ठेवायला हवी. यंत्रमागाला मोटार मिळाली तरी कांडी संपली की ती बदलायला, ताण्याचा धागा तुटला की गाठ मारायला, नक्षी चुकली की ओळखायला माणूस लागतोच. मोटारीने पाय आणि हात यांचे काम घेतले, नजर आणि हुशारी यांचे घेतले नाही. कामगाराची किंमत त्याच्या वॅटमध्ये नसते, कसबात असते. आणि कसबाला वॅट हे एकक लागू पडत नाही.

घोड्यापासून वॅटपर्यंत

वरच्या हिशेबात आम्ही ‘अश्वशक्ती’ आणि ‘वॅट’ हे शब्द सहज वापरले. ते कोठून आले?

जेम्स वॅट याने अठराव्या शतकात वाफेचे इंजिन सुधारले. ते विकताना एक अडचण आली. गिऱ्हाईक घोड्यांनी चक्की किंवा पंप चालवणारे होते. ‘हे इंजिन किती घोड्यांचे काम करील?’ एवढाच त्यांचा प्रश्न असे. तेव्हा वॅटने घोड्याच्या कामाचे माप ठरवले : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आजच्या भाषेत सांगायचे तर साधारण ७६ किलोचा भार दर सेकंदाला एक मीटर उचलणे. साधा घोडा दिवसभर एवढ्या गतीने काम करू शकत नाही. पण माप एकदा ठरले ते ठरले. आजही मोटारीवर एच.पी. लिहिलेले असते ते हेच.

या मापातला महत्त्वाचा शब्द आहे ‘मिनिटाला’. भार किती उचलला एवढेच पाहायचे नाही, तो किती वेळात उचलला हेही पाहायचे. विज्ञानातली शक्ती म्हणजे काम करण्याचा दर :

शक्ती = कार्य ÷ वेळ

एका सेकंदाला एक ज्यूल कार्य झाले तर शक्ती एक वॅट. हे एकक वॅटच्या हयातीतले नाही. १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी ब्रिटिश असोसिएशनपुढे ते सुचवले.

शाळेच्या जिन्यावर हे करून पाहता येते. समजा, एका मुलाचे वजन ४० किलो आहे आणि पहिला मजला ३ मीटर उंच आहे. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू. जिना चढताना मुलाने गुरुत्वाविरुद्ध केलेले कार्य ४० × १० × ३ = १२०० ज्यूल. तो धावत ६ सेकंदांत चढला तर शक्ती २०० वॅट. रमतगमत १२ सेकंदांत चढला तर १०० वॅट. कार्य दोन्ही वेळा तेवढेच, शक्ती मात्र निम्मी. (शरीर याशिवाय बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात घालवते, ती या हिशेबात धरलेली नाही.) घड्याळ, वजनकाटा आणि मोजपट्टी एवढ्याच साहित्यात हा प्रयोग होतो. मुले आपापली ‘अश्वशक्ती’ काढतात आणि सहसा विसरत नाहीत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना मात्र धावायला लावू नये. त्यांना घड्याळ पाहण्याचे काम द्यावे.

बिल कशाचे? शक्तीचे की ऊर्जेचे?

शक्ती हा दर आहे. दराला वेळेने गुणले की ऊर्जा मिळते. नळ आणि हौद यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. नळातून मिनिटाला किती लिटर पाणी येते, ही झाली शक्ती. हौदात एकूण किती लिटर साठले, ही झाली ऊर्जा. मोठा नळ थोडा वेळ आणि बारीक नळ जास्त वेळ सोडला तर हौद सारखाच भरू शकतो.

विजेच्या बाबतीत वॅट आणि किलोवॅट ही नळाची मापे आहेत. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, हे हौदाचे माप. १०० वॅटचा जुना बल्ब १० तास जळला तर एक युनिट होते. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा एक युनिट संपवायला १११ तास घेतो. एक अश्वशक्तीच्या मोटारीवरचा माग १० तास चालला तर सुमारे साडेसात युनिटे होतात. प्रत्यक्षात याहून थोडी जास्तच होतात, कारण मोटारीवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते. तारेतून मोटार त्यापेक्षा जास्त घेते आणि फरक उष्णतेत जातो.

घरच्या बिलावर दोन्ही मापे असतात. ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये किंवा अश्वशक्तीत असतो, ‘वापर’ युनिटमध्ये असतो. पहिला आकडा सांगतो, एका वेळी जास्तीत जास्त किती घेण्याची परवानगी आहे. दुसरा सांगतो, महिनाभरात एकूण किती घेतले. मंजूर भार दुप्पट केला म्हणून वापर दुप्पट होत नाही. हे न कळल्यामुळे बिलावरून भांडणे होतात.

शेतीच्या पंपाचे उदाहरण आणखी बोलके आहे. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या शेतीपंपांना अश्वशक्तीच्या हिशेबाने आकारणी होत आली आहे, आणि मीटर असलेल्यांना युनिटच्या हिशेबाने. पहिली आकारणी शक्तीवर झाली, दुसरी ऊर्जेवर. पाच अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर सुमारे २२ युनिटे होतात. तीनच तास चालला तर ११. शक्तीवरच्या आकारणीत दोघांना सारखेच पैसे पडतात. मग वीज आणि विहिरीचे पाणी जपून वापरण्याचे कारण उरत नाही. २०२४ साली राज्य सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, तेव्हाही मर्यादा ठरवली ती साडेसात अश्वशक्तीची, युनिटची नव्हे. यंत्रमागांच्या वीज सवलतीतही २७ अश्वशक्तीची रेषा आखलेली दिसते. २७ ला ०.७४६ ने गुणले की सुमारे २० किलोवॅट येतात, आणि ही रेषा तेथे का आली याचा अंदाज येतो. ही धोरणे बरोबर की चूक हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवण्यापूर्वी शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक माहीत असला पाहिजे.

वर्तमानपत्रांतही ही गल्लत होते. सोलापूरच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. ‘केंद्रात १३२० मेगावॅट वीज तयार झाली’ असे वाक्य वाचले की मुलांनी विचारावे : किती वेळ? १३२० मेगावॅट हा नळाचा आकार झाला. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर १३ लाख २० हजार युनिटे तयार होतात. दहा मिनिटे चालले तर २ लाख २० हजार.

पॉवर बँकेचे नावही फसवे आहे. तिच्यात पॉवर साठत नाही, साठते ती ऊर्जा. दहा हजार मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे लिहिलेल्या पॉवर बँकेत १० × ३.७ = ३७ वॅट-तास ऊर्जा असते. पूर्ण भरलेल्या अशा २७ पॉवर बँका एकत्र केल्या तर एक युनिट होते. बँकेत पैसे साठतात, पैसे खर्च करण्याचा वेग साठत नाही. ‘एनर्जी बँक’ हे नाव अधिक बरोबर ठरले असते.

आणि इंग्रजीत ‘पॉवर कट’ म्हणतात तेव्हा ‘पॉवर’चा अर्थ सरळ ‘वीज’ असा असतो. ‘पॉवर ग्रिड’मध्येही तसेच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एका तालात आले. देशभर एकच वारंवारिता झाली, त्यात सोलापूरचा हा वाटा आहे. मराठी माणूस मात्र ‘पॉवर’ गेली म्हणत नाही, ‘लाईट गेली’ म्हणतो. मग दुपारी पंखा किंवा माग बंद पडला तरी लाईटच जाते. आपल्याकडे विजेचा पहिला उपयोग दिव्यासाठी झाला आणि नाव तेच चिकटले. इंग्रजांनी विजेला एक नाव दिले, आपण त्यांचाच दुसरा शब्द घेऊन वेगळे दिले!

जोर म्हणजे शक्ती नव्हे

‘या गाडीत पॉवर नाही, चढ चढत नाही’ असे आपण म्हणतो. चढावर गाडी ओढायला लागतो तो जोर, म्हणजे बल. बलाचे एकक न्यूटन आहे. बल, वेग आणि शक्ती यांचे नाते सोपे आहे : शक्ती = बल × वेग.

बैलजोडी भरलेली गाडी ओढते तेव्हा बल मोठे असते, पण वेग कमी. म्हणून शक्ती फार नसते. लहान स्कूटरचे इंजिन त्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त शक्तीचे असते. तरी भरलेली बैलगाडी तिला बांधली तर ती ओढू शकणार नाही. चढ आला की चालक खालचा गियर टाकतो. त्याने इंजिनाची शक्ती वाढत नाही. वेग कमी होतो आणि त्या बदल्यात बल वाढते. गुणाकार तोच, वाटणी बदलली.

मुले या तीन कल्पनांत गोंधळतात म्हणून त्यांना रागावण्यात अर्थ नाही. मोठमोठे शास्त्रज्ञही बराच काळ गोंधळले होते. ‘एनर्जी’ हा शब्द थॉमस यंग याने १८०७ साली आजच्या अर्थाच्या जवळपास वापरला. त्यानंतरही चाळीस वर्षांनी, १८४७ मध्ये, हेल्महोल्ट्झ याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकात जर्मन भाषेतला ‘बल’ याच अर्थाचा शब्द होता. कल्पना पक्की होत गेली तशी शब्दांची वाटणी झाली. जे ठरायला शास्त्रज्ञांना दोन पिढ्या लागल्या, ते मुलांना एका तासात यावे असा हट्ट आपण धरू नये.

भिंगाची पॉवर, संख्येची पॉवर

आता दोन अशी उदाहरणे पाहू, ज्यांत वॅटचा काहीही संबंध नाही.

चष्म्याची पॉवर म्हणजे भिंग प्रकाशकिरणांना किती वळवते ते. मराठीत आपण ‘नंबर’ म्हणतो, पुस्तकात ‘भिंगाची शक्ती’ असते. तिचे माप आहे एक भागिले नाभीय अंतर, अंतर मीटरमध्ये घेऊन. एकक डायॉप्टर. नाभीय अंतर अर्धा मीटर असेल तर शक्ती २ डायॉप्टर. बहिर्गोल भिंगाला अधिक चिन्ह, अंतर्गोल भिंगाला वजा. चाळिशीनंतर बारीक धागा ओवताना विणकराला जो चष्मा लागतो तो अधिक नंबरचा. फळा न दिसणाऱ्या मुलाला लागतो तो बहुधा वजा नंबरचा. हे भिंग काहीही कार्य करीत नाही, ऊर्जा देत नाही, वेळेशीही त्याचा संबंध नाही. ‘जास्त पॉवरचा चष्मा म्हणजे जास्त ताकदवान डोळे’ ही समजूत तर अगदी उलटी आहे.

गणितातली पॉवर आणखी दूरची. ग्रीक गणितज्ञ वर्गासाठी ‘द्युनामिस’, म्हणजे ‘सामर्थ्य’, हा शब्द वापरीत. त्याचे लॅटिन आणि मग इंग्रजी भाषांतर होता होता ‘पॉवर’ झाले आणि वर्गापुरते न राहता सर्व घातांना लागू झाले. आपण मराठीत येथे ‘शक्ती’ म्हटले नाही, ‘घात’ म्हटले. संस्कृत गणितात घात म्हणजे गुणाकार. त्यामुळे मराठी मुलाला एक गोंधळ वाचला. पण दुसरे अर्थ आलेच. ‘त्याने माझा घात केला’ मधला घात वेगळा. आणि मंगळवेढ्याकडचा शेतकरी ज्वारीच्या पेरणीसाठी जमिनीला ‘घात आली का’ पाहतो, ती घात ओलीची. एकाच गावात तीन घाती सुखाने नांदतात, कारण संदर्भ कळतो. घातांकाला एकक नसते. दोनाचा तिसरा घात आठ, एवढेच.

मोजता न येणारी पॉवर

‘पॉवर’चा आणखी एक मोठा अर्थ आहे सत्ता. सोलापूरला त्याची आठवण वेगळी सांगायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार आणि नागरिक रस्त्यावर आले. काही दिवस शहरावर ब्रिटिशांचा अंमल उरला नव्हता. मग लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

त्या दिवसांतल्या पॉवरचे माप कोणत्या एककात घ्यायचे? बंदुका सरकारकडे होत्या, माणसे शहराकडे होती. येथे ‘किती’ला आकडा नाही. म्हणून मराठीने या अर्थासाठी वेगळे शब्द ठेवले : सत्ता, अधिकार, आणि देशांसाठी महासत्ता. इंग्रजी या सगळ्यांना एकाच शब्दात बांधते. शब्दकोशात ‘पॉवर’ पाहून पहिलाच मराठी अर्थ उचलला तर भाषांतर फसते ते यामुळे.

चार भाषांतली शक्ती

सोलापुरातल्या शिक्षकांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत शाळा चालतात. आठवी-नववीच्या विज्ञानात तीन कल्पना येतात. चारही भाषा त्यांना काय म्हणतात ते पाहा.

बल : मराठीत बल, कन्नडमध्ये बल, तेलुगूत बलम, उर्दूत कुव्वत.

ऊर्जा : मराठीत ऊर्जा, कन्नडमध्ये शक्ति, तेलुगूतही शक्ति, उर्दूत तवानाई.

शक्ती : मराठीत शक्ती, कन्नडमध्ये सामर्थ्य, तेलुगूत सामर्थ्यम, उर्दूत ताकत.

मधली ओळ पुन्हा वाचा. कन्नड आणि तेलुगू विज्ञानात ‘शक्ति’ म्हणजे ऊर्जा. तोच शब्द मराठीत वॅटने मोजायचा आणि रस्त्यापलीकडच्या शाळेत ज्यूलने! कन्नड किंवा तेलुगू माध्यमातून मराठी शाळेत आलेल्या मुलाने ‘शक्तीचे एकक ज्यूल आहे’ असे लिहिले तर आपण लाल फुली मारतो. पण त्याचे भौतिकशास्त्र चुकलेले नाही, त्याची भाषा बदलली आहे. घरी मोठा भाऊ तेलुगूतून शिकलेला आणि धाकटी बहीण मराठीतून शिकणारी असेल, तर अभ्यास घेताना दोघे भांडतील आणि दोघेही बरोबर असतील.

मराठीचे घर तरी कोठे काटेकोर आहे? मुंबईत अणुऊर्जेचे काम करणाऱ्यांच्या वसाहतीचे नाव अणुशक्तीनगर आहे. तेथे ‘शक्ती’ म्हणजे ऊर्जाच. ‘अश्वशक्ती’मध्ये मात्र शक्ती म्हणजे काम करण्याचा दर. एकाच भाषेत दोन्ही अर्थ आहेत.

पारिभाषिक शब्द हा शेवटी एक करार असतो. या पुस्तकापुरता, या भाषेपुरता ‘शक्ती’चा अर्थ हा, असे आपण ठरवून घेतो. करार पाळावा लागतो. पण करार म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, हे मुलांना सांगितले पाहिजे. निसर्ग कन्नड किंवा मराठी जाणत नाही. जिना चढताना १२०० ज्यूल सगळ्यांनाच लागतात.

वर्गात काय करता येईल

मुलांना आठवडाभर ‘पॉवर’ किंवा ‘शक्ती’ हा शब्द असलेली वाक्ये जमवायला सांगावे : घरातली, दुकानातली, मोटारीवरच्या पाटीवरची, बिलावरची, वर्तमानपत्रातली. वर्गात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले असतील तर त्यांच्या घरातलीही. मग प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहावा : याचे एकक काय?

वॅट, किलोवॅट किंवा अश्वशक्ती असेल तर ती शक्ती. युनिट, ज्यूल किंवा वॅट-तास असेल तर ती ऊर्जा, मग नावात पॉवर असो वा नसो. न्यूटन असेल तर बल. डायॉप्टर असेल तर भिंग. नुसताच लहान अंक डोक्यावर बसला असेल तर घात. आणि कोणतेच एकक बसत नसेल तर ती सत्ता, कसब किंवा नुसते बोलणे. काही वाक्ये कोणत्याच रकान्यात धड बसणार नाहीत. ती बाजूला न टाकता त्यांवर चर्चा घ्यावी. खरे शिक्षण बहुधा तेथेच होते.

आणि उत्तरपत्रिका तपासताना फुली मारण्यापूर्वी आपणही एकदा पाहावे : मुलाने शब्द चुकवला आहे, की कल्पना? एकक बरोबर असेल तर कल्पना बहुतेक शाबूत असते. शब्द दुरुस्त करायला एक मिनिट पुरते. ‘तुझ्या भाषेत याला काय म्हणतात?’ असे विचारले, तर त्या मिनिटात सगळ्या वर्गाला एक शब्द जास्त मिळतो.